आमच्या लॅबच्या मामांना

मामा, तुम्ही फेसबुक बघत नाही माहितीय, पण तुमची पोरगी बघते, ती वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितेय.

काल व्हायवा झाला. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर सगळ्या साहेबलोकांची नावं ओळीनं छापलीत आणि तुम्ही 'नॉन-टीचिंग स्टाफ' मध्ये गेलात. बघून कसंतरीच झालं.

चार महिने माझं हायड्रोजेल, म्हणजे पाणी पिऊन फुगणारं जेल, फुगतच नव्हतं हो. ॲक्रिलिक ॲसिड, साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर, रिॲक्शन सुरू करणारं परसल्फेट, ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सोडणं, सगळं करून झालं, पुस्तकात म्हणतात वजनाच्या शेकडो पट पाणी धरतं आणि माझं 60 पटीच्या पुढं सरकेना. ज्यांचं सांगायचं काम होतं ते "तुझा हात बसलेला नाही, टॉपिक बदल" म्हणून परत मोबाईलमध्ये. आणि तुम्ही बीकर विसळता विसळता म्हणालात, "पोरी, त्या डिस्टिल्डच्या कॅनात बोअरचंच पाणी हाय, मशिनची कॉइल जळलीया दिवाळीपासनं, कुणी इचारलंच न्हाई." बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम! त्यानं जेलच्या साखळ्या आवळून धरल्यावर ते फुगणार कुठनं? विकतचा कॅन आणला आणि आकडा 200 च्या वर.

पण खरं सांगू, माझ्या डोक्यातनं जात नाही तो रविवार. आजी मिरजेला ॲडमिट, मी तिच्यापाशी, आणि 24 तासांचं रीडिंग नेमकं सकाळी 11 ला. तुम्ही सुट्टीचं सायकल मारत आलात, टी-बॅगसारख्या त्या जेल भरलेल्या जाळीच्या पुड्या पाण्यातनं काढून टांगल्या, वजनं केली. सोमवारी काट्याखाली कॅलेंडरचं फाटकं पान सापडलं, पाच पुड्यांचे पाच आकडे, आणि तिसऱ्यापुढं लिहिलेलं, "थेंब गळत होता. थांबून घेतलं."

गळायचं थांबल्याशिवाय वजन घेतलं की आकडा खोटा येतो, हे आमच्या अख्ख्या बॅचला माहितीय आणि थांबत कुणी नाही (मीपण दोनदा थांबले नव्हते). तुम्हाला तर ना मार्क मिळणार होते ना ओव्हरटाइम. असली चार माणसं आहेत म्हणून कॉलेजं चालतात, बाकी नुसत्या पाट्या.

बोअरच्या पाण्याचे आकडे मी फेकले नाहीत हां, वेगळा तक्ता केला. हे जेल शेवटी पाणी धरायला मातीतच घालायचं, आणि आमच्या तासगावच्या द्राक्षबागेत कोण डिस्टिल्ड घालतंय? बाहेरच्या परीक्षकांनी तोच तक्ता दोनदा वाचला.

पुढच्या आठवड्यात घरचे बेदाणे आणतेय, सायकलला मोठी पिशवी लावून या. आणि ते कॅलेंडरचं पान मागू नका, देणार नाही.