रबराआधी दरवाजा बघणाऱ्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा, सादर नमस्कार.

पत्रास कारण की, यंदाच्या पावसाळ्यात आमच्या फियाटमध्ये पाणी आलं नाही. जुलैत आंबा घाट उतरताना पुढचं वळण जेमतेम दिसत होतं आणि आई मागच्या डाव्या सीटवर निवांत, कोरडी बसली होती. गेली कित्येक वर्षं ती त्याच जागी मांडीवर प्लास्टिक घेऊन आणि पाय सीटवर ओढून बसायची. साखरप्याला उतरल्यावर तिनं पहिलं वाक्य तुमच्याबद्दल काढलं. फोनवर आभार मानले तर "त्यात काय एवढं, ताई" म्हणून तुम्ही विषय बदलणार हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. शिवाय जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारे लोक अजून पुष्कळ आहेत. दरवाजाची रबरं बदलणं म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही ज्या पद्धतीनं दाखवलंत ते त्यांच्याही कामाला येईल.

गाडी बाबांनी १९८९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटलं नाही, ती फियाटच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. कारखान्यातून गाडी निघणं कधीच थांबलं, तरी सुटे भाग बरीच वर्षं मिळत राहिले, कारण मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावर होत्या. टॅक्सीवाल्यांना रोज काही ना काही लागायचं आणि त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचंही भागायचं. त्यातली शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्स्या रस्त्यावर दिसेनाशा झाल्या. तेव्हापासून दुकानदार "बघतो, मिळालं तर सांगतो" एवढंच म्हणतात.

इंजिनाचं एक वेळ निभावतं. बुश, पिन, शाफ्ट लेथवर करून देणारे आपल्या उद्यमनगरात हाताशी आहेत. दरवाजाच्या रबराचं तसं नसतं. त्याला डाय, म्हणजे आकार देणारा साचा, लागते, कुणीतरी मीटरच्या मीटर काढावं लागतं, आणि काढून ठेवलेलं रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. हे शेवटचं मला तुमच्याकडे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. एका दुकानातून "कंपनीचा जुना माल, अजून पाकीट फोडलेलं नाही" म्हणून मिळालेली रबरं मी मोठ्या आनंदानं तुमच्यासमोर ठेवली होती. तुम्ही एक तुकडा उचललात, दोन बोटांत वाकवलात आणि वाकलेली बाजू उजेडाकडे धरलीत. बाहेरच्या अंगाला बारीक भेगा उघडल्या, एकीशेजारी एक, सगळ्या आडव्या. "न वापरता मेलंय हे," म्हणालात. मग समजावून सांगितलंत, की साध्या रबराला हवेतला ओझोन खातो, ताणलेल्या किंवा वाकलेल्या जागी आधी खातो, आणि पाकिटात घडी पडलेली असली तर त्या घडीवरच भेगा पडतात. हल्लीच्या गाड्यांना ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर वापरतात, ते उन्हाला आणि ओझोनला कितीतरी जास्त टिकतं. मात्र पेट्रोल आणि तेल त्याला सोसत नाही.

तुमच्या दुकानाच्या पत्र्यावर खिळ्यांनी ठोकलेली ती फळी मी विसरणार नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या रबरांचे वीतभर तुकडे, प्रत्येकाशेजारी खडूनं लिहिलेला महिना, आणि काही तुकडे दोन पट्ट्यांत आवळून ठेवलेले. आवळलेल्यांतला एक तुम्ही माझ्यासमोर सोडवलात. तो चपटाच राहिला. दुसरा सोडवलात, तो बघता बघता फुगून गोल झाला. "हा घ्यायचा," एवढंच बोललात. दुकानात हाताला मऊ लागणारं रबर सगळेच दाखवतात. दोन उन्हाळे दाबून ठेवल्यावर ते परत उठतं का, हे आधीच बघून ठेवणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

पण खरे आभार त्याच्याही आधीच्या गोष्टीचे आहेत. मी आले होते ती "मामा, चारही दरवाजांना जाड रबर मारून द्या" म्हणत. तुम्ही मीटर मोजून पैसे घेऊ शकला असता. त्याऐवजी तुम्ही मागचा डावा दरवाजा उघडलात, खालून दोन्ही हात लावून वर उचलून बघितलात, आणि तो बिजागरीत हलला. "ताई, रबर नंतर. आधी दरवाजा जागेवर बसतोय का बघू."

त्याआधी एका गॅरेजमध्ये याच दरवाजाच्या कडेनं भरपूर सिलिकॉन भरून दिलं होतं. त्याला व्हिनेगरसारखा वास येत होता. त्या वासाचा अर्थ तुमच्याकडे कळला. ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज आणतं. तुम्ही लाकडी पट्टीनं ते सगळं खरवडून काढलंत, तेव्हा खालचा पत्रा तपकिरी पडलेला होता. पुढे आणखी कुठेतरी जाड, टणक रबर लावून झालं होतं. त्यानं दरवाजा बिजागरीच्या बाजूला अडायचा, कुलपाच्या बाजूला उघडा राहायचा, आणि जोरात आपटून आपटून पिना अजून झिजल्या. पाणी होतं तिथंच.

तुम्ही काय केलंत ते क्रमानं लिहिते, कारण क्रमातच सगळं आहे. बिजागरीच्या पिना आणि बुश बदललेत, दरवाजा वर आणलात. मग कुलपाची प्लेट सैल करून केसभर आत घेतलीत. रबर नसताना दरवाजा दोन बोटांनी बंद व्हायला हवा आणि बाहेरून पत्रा पत्र्याशी एका पातळीत हवा, हे जमेपर्यंत रबराचं नाव काढू दिलं नाहीत. गंज घासून, रेड ऑक्साइड मारून, वर रंग देऊन दोन दिवस वाळू दिलंत. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबा म्हणायला धीर लागतो.

मग तुम्ही नातवाची खेळायची क्ले मागवलीत. तिच्या गोळ्या करून दरवाजाच्या चौकटीवर हातभर अंतरानं लावल्यात, त्यांवर पातळ प्लास्टिक टाकलंत आणि दरवाजा हळू बंद केलात. उघडल्यावर प्रत्येक गोळी किती जाडीची उरली ते कॅलिपरनं मोजलंत आणि आकडे पत्र्यावर खडूनं लिहिलेत. बिजागरीकडे ६ मिलिमीटर, वरच्या कोपऱ्यात ९, खाली मागच्या बाजूला ११. एकाच दरवाजात एवढा फरक! तेव्हा मला उमगलं की जाड रबर का चाललं नाही. ६ च्या फटीत ते मावत नव्हतं आणि ११ च्या फटीत ते पोचत नव्हतं. तुमचं म्हणणं साधं होतं. पोकळ रबर दरवाजा बंद केल्यावर आपल्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत दबावं. त्याहून कमी दबलं तर पाणी आणि वारा येतो, जास्त दबलं तर दरवाजा लागत नाही आणि रबर लवकर मरतं. म्हणून खालची कड आधी पत्रा ठोकून थोडी सावरून घेतलीत, आणि मग दरवाजाला मऊ, पोकळ, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं रबर निवडलंत. बॉडीच्या कडेवर आत पत्र्याची पट्टी असलेलं, नुसतं दाबून बसणारं दुसरं रबर. गाडी कारखान्यातून आली तेव्हा एवढी बंदोबस्तात नसावी, असं मला आता वाटतं.

लावतानाचं मी शेजारी बसून बघितलं आणि मागच्या उजव्या दरवाजाला तुम्ही मला हात लावू दिलात. चिकटवायच्या सोल्युशनचा पातळ हात दोन्हीकडे, मग बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. मी सवयीनं रबर जरासं ताणायला लागले तर तुम्ही मनगट धरलंत. ताणून लावलेलं रबर पुढे आखडतं आणि नेमकं कोपऱ्यात पत्रा सोडतं. उलट थोडं जास्त ठेवून कोपऱ्यांत दाटीनं बसवायचं. आणि सांधा नेहमी खाली, कधीच वर नाही. एका दरवाजाला साडेतीन मीटरच्या आसपास रबर गेलं. त्यातला कोपऱ्यांतला फूटभर भाग तुम्ही बाकीच्यापेक्षा जास्त वेळ घेऊन बसवलात.

एवढं झाल्यावर पाईप घेऊन मला आत बसवलंत, हातात बॅटरी दिलीत. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर नेलंत, म्हणजे कुठल्या उंचीला शिरतं ते कळावं. आणि मागच्या डाव्या बाजूला, नव्या रबरानंतरही, फ्लोअरवर पाणी आलंच. माझा चेहरा उतरला. तुमचा नाही. तुम्ही दरवाजाचा आतला पॅड काढलात.

इथं जे दाखवलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. काचेवरून ओघळणारं पाणी थोडंफार दरवाजाच्या पोटात जातंच, कुठल्याही गाडीत जातं. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच दरवाजाची रचना असते. आमच्या दरवाजाची ती भोकं कुणीतरी रंगाच्या आणि पुट्टीच्या थराखाली बुजवून टाकली होती, आणि पॅडमागचं प्लास्टिक काच दुरुस्त करताना फाडून तसंच सोडलं होतं. पाणी दरवाजात साठायचं आणि पॅडच्या खालून आत यायचं. इतकी वर्षं आईच्या पायाशी येणारं पाणी बाहेरच्या रबराला चुकवून नव्हे, दरवाजाच्या आतून येत होतं. तुम्ही भोकं मोकळी केलीत तेव्हा तांबूस पाणी किती तरी वेळ गळत राहिलं. मग जाड प्लास्टिक कापून, कडेनं ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी लावून, खालची कड दरवाजाच्या आत वळवून बसवलंत. पुन्हा पाईप. आत कोरडं.

मी नवं रबर लावून गेले असते आणि पहिल्या पावसात रबरालाच दोष दिला असता, इतकी ती खोट लपलेली होती. तुम्ही पाण्याच्या मागे लागलात म्हणून ती सापडली. पुढच्या उजव्या दरवाजाचं रबर मात्र तुम्ही बदललंच नाहीत. कागदाची पट्टी दरवाजात धरून चारी बाजूंनी ओढून बघितलीत, सगळीकडे सारखी आवळलेली लागली, तेव्हा "हे अजून दोन वर्षं जाईल, कशाला पैसे घालता" म्हणालात. ज्याचं पोट रबर विकण्यावर चालतं त्या माणसानं हे म्हटलं, याची मला जाणीव आहे.

डिकीचं रबर तुम्ही मी न सांगता बघितलंत, त्याचेही वेगळे आभार. मागच्या सीटवर बसलं की लांबच्या प्रवासात आईचं डोकं दुखायचं आणि आम्ही ते घाटाच्या माथी मारत होतो. डिकीच्या फटीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही, हे तुम्ही गंभीर होऊन सांगितलंत. ते रबर बदलल्यापासून डोकेदुखीची तक्रार नाही. पाणी आलं तर माणूस निदान बघतो तरी. हे कुणीच बघत नाही. जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं डिकीचं रबर आणि सायलेन्सर एकदा तपासून घ्यावं, असं मी हात जोडून सांगते.

तुम्ही सांगितलेलं पाळते आहे. रबरावर डिझेल, रॉकेल किंवा ग्रीसचा हात नाही, महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसून सिलिकॉनच्या स्प्रेचा पातळ थर, आणि पावसाळ्याआधी दरवाजांची खालची भोकं तारेनं मोकळी. पहिले काही आठवडे दरवाजे लागायला जड होते, तुम्ही म्हणाला होतात तसे. मी आपटले नाहीत. आता ते शांतपणे लागतात, आणि साठच्या वेगालाही मागच्या सीटवरच्या माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं. आईला एवढ्यासाठीसुद्धा तुम्हाला भेटायचं आहे.

पुढच्या डाव्या तिकोनी काचेचं रबर राहिलंय. तिथून दोन-चार थेंब येतात. दसरा झाला की गाडी घेऊन येते, तोवर त्या आकाराचं काही मिळतं का बघून ठेवा. फळीवर ठोकून तपासायला वेळ लागणार असेल तर तेवढी थांबेन.

तुमची,
उद्यमनगरात दोन दिवस ठाण मांडून बसलेली फियाटवाली ताई