दामू बांबोळीला आहे

प्रिय सुमे,

आमच्याकडे सगळी बरी. आईचे गुडघे तसेच. नीताचं अ‍ॅडमिशन झालं ना?

दामू बांबोळीला आहे, मानसोपचार संस्थेत. फोनवर सांगवेना, म्हणून लिहितेय. स्कूटरवरून पडून पाय मोडला तेव्हा आधी दुसऱ्या एका इस्पितळात नेला होता. रोज किती पितो ते रजनीने तिथे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत अंग थरथरतं, फिट येते, भास होतात. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावतो. कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या रात्री दामू चादरीवरून मुंग्या वेचायला लागला. एकही मुंगी नव्हती. नर्स म्हणाली, "बेवडो आसा तो, नाटकां करता." बँडेजच्या पट्ट्यांनी हात कॉटला बांधले. मनगटांवर वळ अजून आहेत. मलेरियाच्या तापात तो असाच बरळला असता, तर कुणी असं बोललं असतं का गं?

बांबोळीला गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली, तसा उतार पडला. मग तिथल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, "लहानपणी घरी कसं होतं?" आणि दामू बोलला. माळ्यावरच्या त्या रात्रीचं. तू नि मी पडवीत होतो, तुला काय सांगायचं! रजनीलाही ते आजवर ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, अमेरिकेत १९९८ साली एक मोठा अभ्यास छापून आला. लहानपणी चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांना व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट दिसला. आणि गाव म्हणतं, बापाचं रक्त!

तू म्हणशील, मी तेव्हाच सांगितलं होतं. सांगितलं होतंस, शिरगावच्या जत्रेत, खाज्याची पुडी माझ्या अंगावर फेकून. त्यातलं एकही खाजं मला मिळालं नाही, हे मी विसरलेली नाही.

आता घोर आहे तो घरी आल्यानंतरचा. काकांचा निरोप आलाय: भजनाला इतक्यात नको, लोक बोलतील. भजनाला मनाई आणि बारचं दार उघडं, मग त्याने बसायचं कुठे? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे विकारही धरलेत. शरीराच्या रुग्णासारखंच त्याला वागवायला हवं. त्या इस्पितळाकडे मी लेखी तक्रार देणार आहे. रजनी घाबरते. उद्या पुन्हा तिथेच जायची पाळी आली तर?

तू दामूला फोन कर, तुझं तो ऐकतो. पायाचं विचार, पखवाजाचं विचार. आणि भावजींची बदली रद्द झाली का, तेही कळव.

तुझी,
वसू