परवान्याआधी गिऱ्हाईक दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कळमन्याच्या बाजारात माझी संत्र्याची अडत आहे. हल्ली गाळ्यावर आंबिया बहाराच्या भावाइतकीच चर्चा गांजाच्या लायसनची असते. परवा काटोलकडचा एक तरुण बागायतदार पट्टी खिशात घालता घालता मोबाईलवरचा व्हिडिओ पुढे करून म्हणाला, "भाऊ, अमेरिकेत पाहा कसा पैसा येऊन राहिला. आपल्याले काऊन नाही देत सरकार परवानगी?" २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा रीतसर अर्जच केला होता. पिकाला भाव नाही, ही त्याची तक्रार खोटी नव्हती. पण त्या व्हिडिओत पुढची गोष्ट नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २०१४ साली मतदान होऊन गांजा कायदेशीर झाला. परवान्यांना मर्यादा नव्हती, मागेल त्याला मिळाला. २०१९ मध्ये तिथल्या नियामकानेच अहवालात सांगितले की, साठलेला माल साडेसहा वर्षे पुरेल. आणि हा माल न्यायचा कुठे? केंद्राच्या कायद्याने तिथे गांजाला अजून राज्याची सीमा ओलांडता येत नाही. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेले तेव्हा आपल्या संत्र्याचे काय झाले, ते वरुड-मोर्शीवाल्यांना विचारा. तरी आपला माल दिल्लीला तरी जातो; ओरेगनवाल्याला शेजारचे आयडाहोसुद्धा बंद. उरलेला माल मग चोरवाटेने बाहेर जातो. म्हणजे ज्या काळ्या बाजाराला आळा घालायला कायदा केला, त्यालाच रसद मिळाली. शेवटी त्याच वर्षी नवे परवाने थांबवायची तरतूद करावी लागली. तिथल्याच ओक्लाहोमा राज्याने २०१८ मध्ये अडीच हजार डॉलरला औषधी गांजाचा परवाना ठेवला, संख्येला मर्यादा नाही. २०२२ मध्ये तिथेही नव्या परवान्यांना बंदी घालण्याची वेळ आली.

बंदी असते तोवर भावात पकडले जाण्याची जोखीम धरलेली असते. जोखीम गेली की भाव उतरतो. मग टिकतो कोण? ज्याच्याकडे शेड, वीज, प्रयोगशाळेची तपासणी आणि तोट्यात दोन हंगाम काढायची ऐपत आहे तो. त्यात आमचा पाच एकरवाला बसत नाही.

धाग्यासाठी भांग लावायला म्हणाल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात तशी मुभा सरकारला आहेच. उत्तराखंडने तशी परवानगी दिलीही. पण त्यातही धागा घेणारी गिरणी आधी लागते. अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्यानंतर लोकांनी अशी कमी नशेची भांग, बहुतेक औषधी अर्कासाठी, भरमसाट लावली आणि दुसऱ्याच वर्षी भाव कोसळले.

परवानगीसाठी निवेदने देणाऱ्या पुढाऱ्यांनी म्हणून त्याच कागदावर लिहावे: परवाने किती, खरेदी कोण करणार आणि कोणत्या भावाने. आणि मंत्रालयात जाणारच असाल, तर आमच्या संत्र्याच्या निर्यातीची फाईलही सोबत न्या. ती जास्त जुनी आहे.

आपला,
एक अडते, कळमना, नागपूर