फौजदार आला तालमीला!

महोदय,

संगीत नाटक आणि रहस्यनाटक यांची सोयरीक आपल्याकडे फारशी जुळलीच नाही. खून म्हटला की फोन वाजतो, दिवे जातात. गाणं मात्र कुणी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००७ साली आलेल्या ‘कर्टन्स’ या संगीत नाटकाने ही गाठ झकास बांधली होती. काळ १९५९, गाव बॉस्टन. नाटकातल्या नाटकाच्या पहिल्याच प्रयोगाच्या अखेरीस नायिका कोसळून मरते (बाई बेसूर, त्यामुळे कंपनीत फारसं कुणी हळहळत नाही!). तपासाला आलेला फौजदार सगळ्यांना थिएटरातच अडकवून ठेवतो. मग तालीम व्हायची कशी? तर हा गडी स्वतःच नाटकवेडा. जबाब घेता घेता फसलेल्या गाण्याचा विषय काढतो आणि ते पुन्हा पुन्हा बसवायला लावतो. या भूमिकेसाठी डेव्हिड हाइड पीअर्स यांना टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला.

पडद्यामागची गोष्ट अधिक चटका लावणारी. नाटक पुरं होण्याआधीच लेखक पीटर स्टोन २००३ मध्ये गेले, गीतकार फ्रेड एब २००४ मध्ये. लेखक रुपर्ट होम्स आणि संगीतकार जॉन कँडर यांनी ते तडीस नेलं.

आपल्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा वेगळा विभाग आहे. तिथे कुणी तरी फौजदाराला तबल्याशेजारी बसवून पाहावं. पहिला संशय पेटीवाल्यावर घ्यावा. आमच्या मंडळात सूर कुणाचाही चुको, तो चष्म्यावरून गाणाऱ्याकडेच बघतो.

– एक हौशी नाटकवाला, पुणे