गोगलगायीच्या मागावर सोबत आलेल्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय शिशोसान,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या ग्रंथालयात सगळे तुम्हाला याच नावाने, म्हणजे 'ग्रंथपालबाई' असंच, हाक मारतात, म्हणून मीही तेच वापरते. तुमचं खरं नाव छापू नये असं तुम्ही सांगितलं होतंत, ते पाळते आहे. या पत्राचा जपानी अनुवाद तुम्हाला टपालाने वेगळा येईल. मूळ पत्र मात्र मराठीत आणि सर्वांसमोर लिहायचं होतं, कारण तुम्ही मला जे शोधून दिलंत त्याचा एक धागा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात येऊन पोचतो. इथल्या माणसांना तो माहीत असावा असं मला फार वाटतं.

मी प्राणिशास्त्र शिकवते आणि कोकणातल्या वहाळांत, पऱ्यांत सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचा अभ्यास करते. या अभ्यासात गुहागर तालुक्यातलं गिमवी हे गाव टाळून पुढे जाताच येत नाही. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी या गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांमध्ये शिस्टोसोमा हा कृमी असल्याचं नोंदवलं. हा कृमी माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहतो. भारतात माणसांमधल्या या रोगाचं नीट सिद्ध झालेलं केंद्र म्हणून वैद्यकीय वाङ्मयात याच गावाचं नाव येतं. कृमीची वाढ ज्या गोगलगायीत होते तीही त्यांनी शोधली: फेरिशिया टेनुइस, टोपीसारख्या कवचाची, जेमतेम काही मिलिमीटरची. माझ्या विद्यार्थ्यांना ती दगडावर चिकटलेली दाखवली तरी पटकन दिसत नाही.

रोग माणसाला होतो, तो येतो पाण्यातून, आणि त्याचं मूळ असतं गोगलगायीत, हे पहिल्यांदा कोणी आणि कसं सिद्ध केलं ते मला मुळापासून वाचायचं होतं. ते काम जपानमध्ये झालं एवढं माहीत होतं. हातात होती एका जुन्या इंग्रजी लेखाच्या तळटिपेतली ओळ: मियाइरी आणि सुझुकी, १९१३, आणि पुढे नियतकालिकाचं तोडून लिहिलेलं नाव. ते नाव एका ठिकाणी 'टोकियो इजी शिन्शी' होतं, तर दुसरीकडे 'इझी सिन्सी', कारण रोमन लिपीत जपानी लिहिण्याच्या दोन पद्धती प्रचलित होत्या. जुन्या अंकांवर १९१३ हे साल नसतं, ताइशो २, म्हणजे ताइशो सम्राटाच्या कारकिर्दीचं दुसरं वर्ष, असं असतं. शिवाय आतली कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, जुन्या वळणाची. जपानच्या क्यूशू बेटावर काही आठवड्यांसाठी जायची संधी मिळाली तेव्हा ही एवढीशी ओळ घेऊन मी तुमच्यासमोर उभी राहिले.

तुम्ही अर्ज वाचलात, मला खुर्ची दिलीत आणि विचारलंत, "हा लेख मिळाल्यावर त्यातून तुम्हाला काय समजून घ्यायचं आहे?" मी म्हटलं, गोगलगाय शोधायला हवी हे त्यांना सुचलं कसं, ते बघायचं आहे. त्यावर तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, मग एक लेख पुरणार नाही. तुमच्या आभारांची सुरुवात मला त्या वाक्यापासूनच करावी लागते.

त्या दुपारी तुम्ही टेबलावर जे मांडलंत ते मी आता मराठीत सांगते. सगळ्यात जुनं होतं १८४७ चं लेखन. आजच्या हिरोशिमा प्रांतातल्या कातायामा भागातले वैद्य फुजिई योशिनाओ यांनी चिनी गद्यात लिहून ठेवलं होतं की शेतातल्या पाण्यात उतरलेल्या माणसांच्या आणि जनावरांच्या पायांना पुरळ येतं, पुढे हातपाय वाळतात आणि पोट फुगतं. कारण त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते लपवलंही नाही. ज्याला कळेल त्याने सांगावं, अशी विनंती करून ठेवली. मग यामानाशी प्रांत, कोफूचं खोरं. १८८१ मध्ये तिथल्या एका गावप्रमुखाने सरकारकडे अर्ज केला की आमच्या गावात माणसं जलोदराने मरतात, काहीतरी करा. त्या खोऱ्यातल्या एका लोकगीताचा अर्थही तुम्ही सांगितलात: त्या गावांत नवरी होऊन जाणार असशील तर कफन आणि शवपेटी घेऊन देते. आमच्या जात्यावरच्या ओव्यांतही सासरच्या वाटेची धास्ती आहे, पण इतकी उघडी मी कुठे ऐकलेली नाही.

पुढे १८९७. कोफूजवळच्या सुगियामा नाका या शेतकरी बाईंनी मरणाच्या काही दिवस आधी लिहून दिलं की माझं शरीर उघडून पाहा आणि या रोगाचं कारण शोधा. त्या काळी खेड्यातल्या बाईने स्वतःहून शवविच्छेदन मागणं म्हणजे काय, हे मी कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. डॉक्टरांना त्यांच्या यकृतात अंडी दिसली, पण ती कोणाची ते तेव्हा उलगडलं नाही. सात वर्षांनी, १९०४ मध्ये, कात्सुरादा फुजिरो यांना कोफूतल्या एका मांजराच्या शरीरात तो कृमी सापडला, शिस्टोसोमाचीच एक जात. त्याच वर्षी क्योतोचे फुजिनामी आकिरा यांनाही कातायामातल्या रुग्णाच्या शवविच्छेदनात तो मिळाला. १९०९ मध्ये फुजिनामींनी गुरांवर प्रयोग केले. काहींची तोंडं झाकली, काहींचे पाय झाकले आणि सगळ्यांना बाधित पाण्यात सोडलं. तोंड झाकलेल्या गुरांना लागण झाली, पाय झाकलेली वाचली. कृमी पिण्याच्या पाण्यातून पोटात जात नव्हता, कातडीतून आत शिरत होता. भाताच्या खाचरात दिवसभर गुडघाभर पाण्यात लावणी करणाऱ्या माणसाला ही बातमी किती भयंकर वाटली असेल! पाणी उकळून प्यायलात म्हणून सुटका नाही, आणि शेतात उतरल्याशिवाय पोट नाही.

आणि मग तो लेख आला. मियाइरी केइनोसुके आणि त्यांचे साहाय्यक सुझुकी मिनोरू यांनी १९१३ मध्ये सागा प्रांतात, आजच्या तोसु शहराच्या हद्दीतल्या साकाई गावाच्या पाटात, सात-आठ मिलिमीटरची एक गोगलगाय पाहिली. कृमीच्या अंड्यातून निघालेली अळी तिच्या अंगात शिरताना त्यांनी पाहिली, तिथे ती कशी वाढते ते पाहिलं, आणि पुढे बाहेर पडणाऱ्या अळ्यांमुळे उंदरांना लागण होते हेही दाखवलं. १९१४ मध्ये ते जर्मनमध्येही छापलं. इंग्लंडहून लायपर नावाचे कृमितज्ज्ञ त्याच सुमारास पूर्वेकडे आले होते. मियाइरींच्या कामाची वाट धरून १९१५ मध्ये त्यांनी इजिप्तमध्ये तिथल्या शिस्टोसोमाच्या गोगलगायी शोधल्या, आणि त्या शिस्टोसोमांतली एक जात मूत्राशयाच्या रोगाची. गिमवीत सापडला तो हाच रोग. म्हणजे गिमवीच्या दगडांवर गोगलगाय शोधणाऱ्या माणसांच्या हातात जो प्रश्न होता, तो साकाईच्या पाटातून कैरोमार्गे तिथे आला होता. शिशोसान, हा रस्ता मला तुमच्या टेबलावर पहिल्यांदा सलग दिसला.

तुम्ही हे सगळं इतक्या झटपट कसं जमवलंत ते मी जवळून पाहिलं, म्हणून त्याबद्दलही लिहिते. १९०३ मध्ये, कात्सुरादांच्या शोधाच्या आदल्या वर्षी, आमाको शिरो नावाच्या डॉक्टरांनी जपानी वैद्यकीय लेखांचे सारांश आणि सूची छापायला सुरुवात केली. तीच 'इगाकू चुओ झाश्शी', जिला तुम्ही सगळे लाडाने 'इचुशी' म्हणता. दवाखाना सांभाळून एका माणसाने आरंभलेलं ते काम आजही चालू आहे, २००० पासून वेबवर. १९१३ चा लेख कोणत्या अंकात आहे याचा माग ज्यांना काढायचा आहे, त्यांचं ऋण त्या डॉक्टरांकडे जातं. मग १९८५ पासूनची विद्यापीठ ग्रंथालयांची सामायिक तालिका आणि १९९२ पासूनची आंतरग्रंथालयीन देवघेव. कोणत्या गावच्या ग्रंथालयात त्या नियतकालिकाचे कोणते खंड आहेत आणि मधले कोणते नाहीत, इथपर्यंत नोंद! तुमच्याकडे नसलेला खंड कुठे आहे हे तुम्ही मला उभ्या उभ्या सांगितलंत. कॉपीराइटच्या नियमात बसेल तेवढीच झेरॉक्स मिळेल हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितलंत आणि उरलेलं तिथे जाऊन वाचता यावं म्हणून ओळखपत्र लिहून दिलंत. कोणाची ओळख नाही, कोणाचा वशिला नाही. अभ्यास करायचा आहे हे कारण पुरलं.

कोफूला जायचं तुम्हीच सुचवलंत. तिथल्या प्रांतिक ग्रंथालयाच्या संदर्भ कक्षाला तुम्ही आधी फोन केला होतात, म्हणून मी पोचले तेव्हा स्थानिक इतिहासाची पुस्तकं काढून ठेवलेली होती. तिथे एक गोष्ट मला फार जाणवली. जपानची दशांश वर्गीकरण पद्धती मोरी कियोशी यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि सार्वजनिक ग्रंथालयांत आजही तीच चालते. तिच्यात परजीवीशास्त्र ४९१.९ वर असतं, शंख-गोगलगायी ४८४ वर, आणि यामानाशीचा इतिहास २१५.१ वर. एकाच रोगाची गोष्ट तीन वेगळ्या दालनांत वाटली गेलेली. वर्गीकरणाला इलाज नाही, पुस्तकाला एकच जागा देता येते. डॉक्टर आपल्या कपाटापाशी थांबतो, मी माझ्या. तिन्ही कपाटांत फिरणारं माणूस ग्रंथालयातच भेटतं. तुमच्या व्यवसायाकडे आमच्याकडे पुस्तकं देण्याघेण्याचं काम म्हणून पाहिलं जातं, ते किती अपुरं आहे हे मी तिथे उभी राहून समजले.

त्या २१५.१ च्या पुस्तकांत काय काय होतं! १९१७ मध्ये शाळकरी मुलांसाठी काढलेल्या रंगीत चित्रांच्या पुस्तिकेची पानं होती. पाण्यात का खेळू नये हे मुलांना गोष्टीतून सांगणारी. गावकरी चॉपस्टिकने गोगलगायी वेचत होते आणि मापाप्रमाणे त्यांना पैसे मिळत होते. मग पाटांना सिमेंटचा गिलावा आला, कारण त्या गोगलगायीला ओलसर मातीचा काठ लागतो. तो दोन हजार किलोमीटरहून जास्त लांबीच्या पाटांना घातला गेला. भाताच्या कित्येक शेतांत द्राक्षांच्या आणि पीचच्या बागा उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये यामानाशीने रोग संपल्याचं जाहीर केलं. १८८१ च्या त्या अर्जाला पूर्ण उत्तर मिळायला एवढा काळ गेला.

तुम्ही मला चिकुगो नदीकाठच्या कुरुमे शहरातल्या स्मारकाबद्दल सांगितलंत, ते मी जाऊन पाहिलं. माणसांना वाचवण्यासाठी त्या खोऱ्यातून नाहीशा केलेल्या मियाइरी गोगलगायीचं ते स्मारक आहे. ज्या जिवामुळे इतकी माणसं गेली त्याच्या नावाने श्राद्ध घालावं तसा दगड उभारलेला. मी प्राणिशास्त्राची शिक्षिका आहे, मला ते पाहून भरून आलं. रोगाचं वाहन म्हणून ती मारली गेली हे बरोबरच होतं, आणि एक जात एका खोऱ्यातून कायमची गेली हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एका दगडावर मान्य करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो. आज जपानच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत तिचं नाव आहे.

आता इथलं सांगते. गिमवीत पुढे रुग्णांवर उपचार झाले, गोगलगायींचा बंदोबस्त झाला. ते काम ज्यांनी केलं त्यांचे शोधनिबंध आहेत, ते मिळतात. पण गावाच्या बाजूची गोष्ट कागदावर फारशी नाही. कोणाच्या घरात कोण आजारी होतं, कुठल्या पऱ्यावर मुलं पोहायला जात, तपासणीला आलेल्या डॉक्टरांना कोणी जेवू घातलं, औषधाबद्दल लोक काय म्हणत, यातलं काहीच आमच्या कुठल्या २१५.१ वर ठेवलेलं नाही. मी निघताना तुम्ही मला विचारलंत की तुमच्या गावचे कागद कोणी सांभाळतं का. तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं. आज देते: आम्ही सुरुवात केली आहे. माझ्या विद्यार्थिनी गिमवी आणि आसपासच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतात, ते ध्वनिमुद्रित करतात. तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने त्यासाठी एक कपाट मोकळं करून दिलं आहे. त्या कपाटात तुमच्याकडून आलेली सूची पहिल्या कप्प्यात आहे, आणि १८४७ पासूनच्या सगळ्या लेखनाचा मराठी गोषवारा मी तिच्याशेजारी ठेवते आहे. गोषवाऱ्यातल्या जपानी नावांचे उच्चार तुम्ही तपासून पाठवलेत, त्याबद्दल वेगळे आभार.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी १९५० च्या दशकातल्या त्या तपासणीचा एखादा कागद, फोटो, औषधाची चिठ्ठी, शाळेच्या दाखल्यावरची नोंद असेल, तर ती रद्दीत देऊ नका. मूळ कागद तुमच्याकडेच राहू दे, आम्ही घरी येऊन त्याचा फोटो काढून नेऊ.

शिशोसान, पावसाळा संपला की फेरिशियाचे नवे नमुने गोळा करायला आम्ही वहाळावर उतरू. त्यांचे फोटो आणि मोजमापं तुम्हाला पाठवेन. तुम्ही म्हणाला होतात की वाचकाने पुढे काय केलं ते ग्रंथपालाला सहसा कळत नाही. तुम्हाला ते कळत राहील, एवढी व्यवस्था मी करते.

मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
कोकणातली एक प्राणिशास्त्राची शिक्षिका