कार्ड जगभर चालतं म्हणाले, पण चालू कोण करणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशी मुलाकडे नाहीतर मुलीकडे जाणारं आमच्या बडोद्यात घरटी कोणीतरी आहेच, दांडिया बाजारात एकट्या आमच्या वाड्यात तीन घरं आहेत, म्हणून हे पत्र लिहितेय. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे लंडनला गेलो. निघायच्या आधी बँकेत जाऊन मुद्दाम विचारलं होतं की कार्डं तिकडे चालतील ना, काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली हो काकू, इंटरनॅशनल आहे, जगभर चालतं. झालं, आम्ही निर्धास्त.

तिकडे बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत, 2014 पासून बंद आहेत. ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या मशीनला कार्ड टेकवायचं, एका कार्डावर एकच माणूस. सकाळी जाताना दोघांची कार्डं चालली. संध्याकाळी येताना त्याच कार्डांना लाल दिवा! परत टेकवलं, परत लाल, मागे रांग, ड्रायव्हर मान हलवतोय, आणि पर्समध्ये पौंडाच्या नोटा असून काही उपयोग नाही. उतरलो. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पावसात स्टॉपवर पाऊण तास उभे होते लेक ऑफिसातून येईपर्यंत.

सकाळी चाललं मग संध्याकाळी का नाही, तर जावयांनी सांगितलं की बसचं मशीन कार्ड लगेच घेतं, बँकेला विचारणं मागाहून होतं, बँक नाही म्हणाली की ते कार्ड तिथे अडवलं जातं, उधारी चुकती होईपर्यंत. आणि आमची बँक नाही म्हणाली कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्ड येतं ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं, परदेशातला वापर, ऑनलाइन आणि कॉन्टॅक्टलेस म्हणजे नुसतं टेकवून पैसे देणं, हे तिन्ही आपण स्वतः चालू करायचे असतात. आमचं कॉन्टॅक्टलेस इथे भाच्याने चालू करून दिलं होतं, परदेशाचं बंदच राहिलं. नियम चांगलाच आहे हो, चोरी होऊ नये म्हणूनच केलाय, पण आम्हाला सांगायचं कोणी? बरं अॅपमधून चालू करावं तर एअरपोर्टवरच फोनमधलं इथलं सिम काढून तिथलं घातलेलं, रोमिंग घेतलेलं नाही, त्यामुळे बँकेचं अॅप उघडेना आणि ओटीपीही येईना, चार दिवस लेकीच्या कार्डावर काढले.

अजून एक, कार्ड चालू झाल्यावरचं. दुकानात मशीन विचारतं रुपये की पौंड. ह्यांनी रुपये दाबलं, आपले पैसे म्हणून, पण मग रेट त्या मशीनचा लागतो आणि तो महाग असतो, कितीतरी बँका त्यावर वरून चार्जही लावतात. नेहमी तिथलंच चलन निवडावं. तरी बँकेचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खरेदीवरचा चार्ज, लागतोच, आमच्या कार्डाला साडेतीन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 10,000 रुपयांच्या खरेदीवर 413 रुपये जास्तीचे. हे सगळं स्टेटमेंट आल्यावर कळलं.

माझं बँकवाल्यांना कळकळीचं सांगणं आहे, कार्ड देताना लाउंज आणि पॉइंट्स किती ते भरभरून सांगता, तसंच सिनियर सिटीझन परदेशी निघालेत म्हटल्यावर दोन मिनिटं काढून त्यांच्यासमोर बटण चालू करून द्या, लिमिट घालून द्या, आणि काउंटरवर गुजराती-मराठीत अर्ध्या पानाचा कागद ठेवा. सिम काढू नका, रोमिंग इथूनच चालू करून घ्या, एवढं जरी त्यावर असलं तरी पुष्कळ झालं.

आपल्या पेपरात हे दिवाळीच्या आधी छापलंत तर बरं होईल, तेव्हा खूप लोक निघतात. आमच्या शेजारच्या वहिनी पुढच्या आठवड्यात टोरंटोला चालल्यात, सोमवारी त्यांच्याबरोबर मी स्वतः बँकेत जातेय.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा