निधनवार्तेत पलटणीचं नाव हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘माजी सैनिक, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल. पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार.’ ठाणे आणि नवी मुंबईच्या पानांवर अशी निधनवार्ता वरचेवर येते. त्यात खोटं काही नसतं, पण त्या माणसाचं स्वतःचं म्हणावं असंही काही नसतं. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकणातून आलेले, पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत, बँकेच्या दारावर नाहीतर सोसायटीच्या गेटवर दुसरी नोकरी केलेले कितीतरी जण आपल्या आसपास राहतात. १९७१ लढलेली पिढी आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. म्हणून हे पत्र.

पलटण कोणती, सेवा कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आणि नेमणूक कुठल्या आघाडीवर, एवढं बहुतेक घरांत कपाटातच सापडतं. पहिला आधार डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं पुस्तक. लष्करी नंबर, हुद्दा, ट्रेड (फौजेतलं काम), भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पदकं, सगळं त्यात असतं. नंबर उतरवताना शेवटचं इंग्रजी अक्षर सोडू नका, तो नंबराचाच भाग आहे. नंबराची सुरुवात ‘जेसी’ने (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) असेल तर गृहस्थ नायब सुभेदार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर होते. बातमीत त्यांना सरसकट ‘जवान’ म्हणू नये. पुस्तक जपायचं म्हणून लोक लॅमिनेट करून आणतात. तसं करू नका, पुढची नोंद किंवा शिक्का त्यावर घेता येत नाही. हरवलंच असेल तर आधी पोलिसांत नोंद, मग प्रतिज्ञापत्र आणि अर्ज त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे पलटणीच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कचेरीकडे: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांची पलटण) खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं सागरला. नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारं ब्यूरो ऑफ सेलर्स तर खाडीपलीकडे मानखुर्दच्या चीता कॅम्पला आहे.

सगळ्यात जास्त चुका पदकांच्या बाबतीत होतात. घरचे सांगतात, ‘बांगलादेशच्या लढाईत होते.’ पेटीत निघतो पश्चिमी स्टार. म्हणजे १९७१ साली ते पश्चिम आघाडीवर होते, पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार मिळाला. दोन्ही आघाड्यांचं मोल सारखंच, पण त्यांनी जे केलं तेच लिहायला हवं. संग्राम मेडल त्याच युद्धकाळातल्या सेवेचं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक १९७२ साली सेवेत असलेल्या सगळ्यांना मिळालं. त्यामुळे पाच पदकं दिसली की ‘पाच शौर्यपदकांचे मानकरी’ असं लिहू नये. शौर्याची नावं वेगळी: परमवीर, महावीर, वीर, अशोक, कीर्ती, शौर्य ही चक्रं आणि शौर्यासाठीचं सेना, नौसेना किंवा वायुसेना मेडल. बाकीची सेवेची पदकं आहेत, आणि ती सेवाच सांगतात. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर ‘हिमालय’ची पट्टी असेल तर हा माणूस उंचावरच्या सरहद्दीवर राहिला होता. नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं पदकही कमी मोलाचं नाही.

पदक उलटसुलट करून पाहून ठेवून देतात, त्याची कड कुणी पाहत नाही. भिंगाखाली धरलं तर बहुतेक वेळा कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली दिसते. तांब्या-पितळेच्या पावडरीने किंवा चिंचेने पदक घासलं की आधी ही अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं तरी पुरे. वडिलांची पदकं मुलांनी, नातवंडांनी जरूर लावावीत, पण उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने मिळवली त्याचीच.

‘कुटुंबवत्सल’ या शब्दामागचा माणूस जुन्या पत्रांत भेटतो. वर्षाकाठी दोन महिन्यांची वार्षिक रजा आणि थोडी किरकोळ रजा, बाकी सगळा संसार कागदावर. पेरणी झाली का, फी भरली का, आईच्या गुडघ्यांचं कसं आहे, कौलं फिरवून घ्या. मनिऑर्डरच्या कुपनावरच्या दोन ओळींतही हेच. पत्रांसोबत पाकिटंही ठेवा. पत्त्यात ५६ एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर नेमणूक साधारणपणे पश्चिमेकडे, ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पलटणीचं, कधी कंपनीचंही नाव मिळतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कागद घाम धरतात आणि टाचण्या गंजून भोकं पडतात. टाचण्या काढा, कागदी लिफाफ्यात ठेवा, फोनवर फोटो काढून ठेवा.

माजी सैनिक हयात आहेत तोवर एक काम मात्र उरकायलाच हवं. पेन्शनच्या पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) पत्नीचं नाव आणि जन्मतारीख काय आहे ते पाहा, आणि आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाशी ताडून बघा. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे पलटणीच्या दप्तरात एक नाव आणि आधारवर दुसरं, असं हटकून निघतं. त्यांच्या सहीने अर्ज गेला की रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर (सेवा-नोंदीतल्या बदलाचा लष्करी आदेश) काढून दुरुस्ती करतं, ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय त्यात मदत करतं. नंतर तीच दुरुस्ती एकट्या बाईला प्रतिज्ञापत्रं घेऊन करत बसावी लागते आणि तोवर कुटुंब निवृत्तिवेतन अडकून राहतं. पेन्शनचं खातं पत्नीसोबत संयुक्त करून घ्या. निधनाची नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर लगेच करा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन एटीएमने काढू नका, ती पुढे वसूल होते.

तिरंग्याबद्दलही सांगायला हवं. ध्वजसंहितेप्रमाणे पार्थिवावर राष्ट्रध्वज फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीत घालता येतो, केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून. तो चितेवर जाळायचा नसतो. घरच्यांनी भावनेच्या भरात बाजारातून आणून घालू नये. पलटणीचा बिल्ला, टोपी आणि पदकं उशाशी ठेवली तर सन्मान तसूभरही कमी होत नाही.

आपल्याला विनंती अशी की निधनवार्तेच्या फॉर्मवर माजी सैनिकांसाठी एक ओळ वाढवावी: हुद्दा, पलटण, सेवेची सालं, पदकं. छापून येईल ते एवढंच: ‘हवालदार (निवृत्त), बॉम्बे सॅपर्स, १९६४ ते १९८२, पश्चिमी स्टार.’ परिवाराची ओळ त्याखाली आहे तशी राहू द्या.

आपला,
एक माजी पलटण लेखनिक, कळवा (ठाणे)